नासाप्रक्षालन, शस्त्रक्रियोत्तर

नाकाच्या पोकळीत एका नाकपुडीवाटे कोमट, सौम्य मिठाचे पाणी सोडून ते दुसऱ्या नाकपुडीवाटे किंवा तोंडावाटे बाहेर वाहू देण्याच्या क्रियेस नासाप्रक्षालन म्हणतात. नाकाभोवतालच्या हाडांत हवेने भरलेल्या ज्या पोकळ्या असतात, त्यांना नासाकोटरे अशी संज्ञा आहे. बोलभाषेत या पोकळ्यांना व त्यांच्या विकारालाही ‘सायनस’ असेच म्हणतात. कोटरांवरील शस्त्रक्रियेनंतर करावयाचे प्रक्षालन हा निव्वळ स्वच्छतेचा भाग नसून उपचाराचा एक टप्पा आहे. शस्त्रक्रियेमुळे कोटरांची तोंडे मोकळी होतात. परंतु ती मोकळी राहणे आणि आतील अस्तर पूर्ववत काम करू लागणे या गोष्टी पुढील काही आठवड्यांत घडतात. शस्त्रक्रिया रुग्णालयात तज्ञाच्या हातून एकदाच होते. प्रक्षालन मात्र घरी, घरच्या पाण्याने व रुग्णाच्या स्वतःच्या हाताने रोज करावे लागते. त्यामुळे त्याचे यश नियमितपणावर आणि सुरक्षितता पाण्याच्या निर्जंतुकपणावर अवलंबून असते.

रचना व कार्य : नासाकोटरांच्या चार जोड्या असतात. गालाच्या मागील वरच्या जबड्याच्या हाडात एक, कपाळाच्या हाडात एक, दोन्ही डोळ्यांच्या मधील झर्झरिकास्थीत लहान लहान कप्प्यांची एक व नाकाच्या अगदी मागे कवटीच्या तळाशी असलेल्या जतुकास्थीत एक, अशी त्यांची मांडणी असते. ही सर्व कोटरे अरुंद छिद्रांनी नाकाच्या पोकळीत उघडतात. गालाचे कोटर, कपाळाचे कोटर व झर्झरिकास्थीचे पुढील कप्पे यांचा निचरा मधल्या शुक्तिकेखालील (शिंपल्यासारख्या वळलेल्या हाडाखालील) एकाच चिंचोळ्या भागात होतो. या भागात थोडी जरी सूज आली, तरी एकाच वेळी तीन ठिकाणचा निचरा अडतो. [⟶ नाक].

नाकाचे व कोटरांचे अस्तर श्लेष्मकलेचे (बुळबुळीत द्रव स्रवणाऱ्या पातळ पटलाचे) असते. तिच्या पृष्ठभागावरील बहुतेक कोशिकांवर पक्ष्माभिका (अतिसूक्ष्म, हलणाऱ्या केसांसारख्या वाढी) असतात. एका कोशिकेवर त्या सु. २०० असून त्यांची लांबी सु. ५ ते ७ मायक्रॉन असते. त्या सेकंदास १० ते १५ वेळा एकाच दिशेने झोका घेतात. पक्ष्माभिकांभोवती पातळ द्रवाचा व त्यावर घट्ट, चिकट श्लेष्म्याचा असे दोन थर असतात. श्वासाबरोबर आलेली धूळ, परागकण व सूक्ष्मजंतू वरच्या थरात अडकतात आणि तो थर सरकत्या पट्ट्याप्रमाणे घशाकडे वाहून नेला जातो. ही गती मिनिटास सरासरी ५ ते ६ मिमी. असते. गालाच्या कोटराचे छिद्र तळाशी नसून बरेच वर असते; म्हणजे तेथील श्लेष्मा पक्ष्माभिकांना गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढवावा लागतो. पक्ष्माभिका थकल्या वा नष्ट झाल्या, तर छिद्र उघडे असूनही कोटर साचलेलेच राहते. शस्त्रक्रियेनंतरच्या काळजीचे मर्म या एका गोष्टीत आहे.

शस्त्रक्रिया : कोटरांचा शोथ (दाहयुक्त सूज) १२ आठवड्यांहून अधिक काळ टिकल्यास त्यास चिरकारी म्हणतात. औषधोपचाराने तो आटोक्यात न आल्यास, नाकात मोड (द्राक्षाच्या मण्यांसारख्या मऊ वाढी) झाल्यास, बुरशीचा संसर्ग झाल्यास किंवा डोळा व मेंदू यांकडे विकार पसरू लागल्यास शस्त्रक्रिया करतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज कॉल्डवेल (१८९३) व पॅरिसमध्ये आंरी ल्यूक (१८९७) यांनी वरच्या ओठाच्या आतून गालाचे कोटर उघडण्याची शस्त्रक्रिया स्वतंत्रपणे प्रचारात आणली. तीत कोटराचे रोगट अस्तर खरवडून काढीत व निचऱ्यासाठी खालच्या बाजूस नवे छिद्र पाडीत. पुढे ऑस्ट्रियातील ग्राझ येथील वाल्टर मेसरक्लिंगर यांनी श्लेष्म्याच्या वहनाचा बारकाईने अभ्यास करून असे दाखविले की, नवे छिद्र पाडले तरी पक्ष्माभिका श्लेष्मा नैसर्गिक छिद्राकडेच नेतात. म्हणून अस्तर न खरवडता नैसर्गिक मार्ग मोकळा करणे हेच योग्य ठरले. हॅरल्ड हॉपकिन्झ यांच्या दंडाकृती भिंगांच्या रचनेमुळे बारीक, प्रखर व स्पष्ट अंतर्दर्शक उपलब्ध झाला आणि त्याच्या साहाय्याने नाकपुडीतूनच अशी शस्त्रक्रिया करणे शक्य झाले. मेसरक्लिंगर यांचा ग्रंथ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. हाइन्ट्स श्टामबेर्गर आणि डेव्हिड केनेडी यांनी १९८५ च्या सुमारास या पद्धतीचा जगभर प्रसार केला. महाराष्ट्रात तिला सामान्यतः ‘दुर्बिणीची शस्त्रक्रिया’ म्हणतात.

शस्त्रक्रियेनंतरची स्थिती : चेहऱ्यावर टाका वा व्रण दिसत नसल्यामुळे रुग्णाला आपण लवकर बरे झालो असे वाटते. प्रत्यक्षात नाकाच्या आत उघडी जखम असते. तीत रक्ताच्या गुठळ्या, घट्ट झालेला श्लेष्मा व फायब्रीन (रक्त साखळताना तयार होणारे तंतुमय प्रथिन) यांचे थर साचतात. श्वासाच्या हवेने ते वाळून त्यांच्या खपल्या होतात. खपल्यांखाली सूक्ष्मजंतूंची वाढ होते, दुर्गंधी येते व नाक पुन्हा चोंदते. समोरासमोरचे जखमी पृष्ठभाग एकमेकांना चिकटून त्यांत तंतुमय बंध तयार झाले, तर मोकळा केलेला मार्ग पुन्हा बंद होतो आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. या काळात पक्ष्माभिका नष्ट झालेल्या किंवा निष्क्रिय असतात. जखम काही आठवड्यांत भरत आली, तरी पक्ष्माभिकांचे कार्य पूर्ववत होण्यास त्याहून अधिक, कधीकधी काही महिन्यांचा काळ लागतो. तोपर्यंत त्यांचे काम दुसऱ्या कशाने तरी करावे लागते. ते प्रक्षालनाने होते.

प्रक्षालनाचे कार्य अनेक अंगांनी घडते. पाण्याच्या प्रवाहाने गुठळ्या व श्लेष्मा यांत्रिक रीत्या वाहून जातात. खपल्या ओल्या राहिल्याने सैल होतात व अंतर्दर्शकाखाली साफ करताना कमी वेदना होतात व कमी रक्त येते. शोथ वाढविणारी रासायनिक द्रव्ये, परागकण व धूळ धुऊन निघतात. घट्ट श्लेष्मा पातळ झाल्याने उरलेल्या पक्ष्माभिकांवरील भार हलका होतो. शिवाय शस्त्रक्रियेपूर्वी कोटरांची छिद्रे इतकी अरुंद असतात की, नाकात सोडलेले पाणी कोटरांत जवळजवळ शिरतच नाही. छिद्र सु. ४ मिमी. वा अधिक मोठे झाल्यावर ते आत पोहोचू लागते. म्हणजेच शस्त्रक्रियेमुळे प्रक्षालन परिणामकारक होते आणि प्रक्षालनामुळे शस्त्रक्रिया टिकते. थेंब किंवा फवारा यांच्या रूपाने दिलेले औषध बहुतांशी नाकाच्या पुढील भागातच राहते. कोटरांपर्यंत पोहोचण्यास मोठ्या आकारमानाचा, पण कमी दाबाचा प्रवाह लागतो.

भारतीय परंपरा : नाकाच्या शुद्धीची कल्पना भारतात जुनी आहे. हठयोगातील षट्कर्मांपैकी नेति ही एक क्रिया होय. *हठयोगप्रदीपिका* व *घेरंडसंहिता* या ग्रंथांत नेति म्हणून जिचे वर्णन आहे ती सूत्रनेति होय. तीत सुमारे वीतभर लांबीचे मऊ सूत्र नाकातून घालून तोंडावाटे बाहेर काढतात. *घेरंडसंहितेत* कपालभातीच्या प्रकारांमध्ये नाकाने पाणी ओढून तोंडावाटे सोडण्याची क्रिया सांगितली आहे. आज जलनेति या नावाने प्रचलित असलेली, तोटीच्या लोट्याने करावयाची क्रिया तिला जवळची आहे. आयुर्वेदातील नस्य हा उपचार यांहून वेगळा आहे. त्यात पाण्याचा प्रवाह सोडीत नाहीत, तर औषधी तेल, तूप, रस किंवा चूर्ण अल्प प्रमाणात नाकात घालतात.

महाराष्ट्रात या क्रियांना आधुनिक परीक्षणाच्या कक्षेत आणण्याचे श्रेय मुख्यत्वे लोणावळ्याच्या कैवल्यधाम या संस्थेकडे जाते. स्वामी कुवलयानंद (१८८३—१९६६) यांनी ती १९२४ साली स्थापन केली व त्याच वर्षी *योगमीमांसा* हे नियतकालिक सुरू करून यौगिक क्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास करण्यास प्रारंभ केला. योगोपचारांवरील त्यांचा व शं. ल. विनेकर यांचा इंग्रजी ग्रंथ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा संस्थांमुळे जलनेतीचा लोटा मराठी मध्यमवर्गीय घरांत परिचयाचा झाला. त्यामुळे नाकात पाणी घेण्यास सांगितल्यावर येथील अनेक रुग्ण बिचकत नाहीत, हा या परंपरेचा लाभ होय. मात्र निरोगी नाकाची जलनेति व शस्त्रक्रियेनंतरचे प्रक्षालन यांत फरक आहे. जखमी नाकात सूत्रनेति सर्वस्वी निषिद्ध आहे. जलनेतीनंतर करावयाची जोरदार कपालभातीही या काळात वर्ज्य समजावी. उघड्या जखमेच्या दृष्टीने पाण्याच्या निर्जंतुकपणाचे महत्त्वही कितीतरी अधिक आहे.

विद्राव : साधे पाणी नाकात गेल्यास झोंबते. त्याचे कारण तर्षण (पातळ विद्रावाकडून संहत विद्रावाकडे पटलातून होणारे पाण्याचे वहन) हे होय. कोशिकांतील द्रवापेक्षा साधे पाणी पातळ असल्याने ते कोशिकांत शिरते व त्या फुगतात. शरीरद्रवाशी समतुल्य असा विद्राव १ लि. पाण्यात ९ ग्रॅ. मीठ मिसळून तयार होतो (०·९%). बारीक मिठाचा चहाचा एक सपाट चमचा सु. ६ ग्रॅ. भरतो, त्यामुळे १ लि. पाण्यास दीड सपाट चमचा मीठ पुरते. त्यात अर्धा सपाट चमचा खाण्याचा सोडा घातल्यास विद्राव किंचित अल्कधर्मी (क्षारीय) होतो, झोंबणे कमी होते व श्लेष्मा सैल होण्यास मदत होते. मीठ शुद्ध व बारीक असावे. काळे मीठ, पादेलोण किंवा माती मिसळलेले खडेमीठ वापरू नये. मोजून भरलेल्या तयार पुड्या औषधांच्या दुकानांत मिळतात. पाण्याबद्दल शंका असेल, तेथे शिरेवाटे देण्यासाठी मिळणारा निर्जंतुक ०·९% लवणजलाचा बंद डबा, म्हणजेच नेहमीचे ‘सलाइन’, हा सर्वांत निर्धास्त मार्ग होय. मात्र डबा उघडल्यावर २४ तासांत संपवावा व उरलेले टाकून द्यावे.

अधिक खारट (२ ते ३%) विद्रावाने अस्तरातील पाणी बाहेर ओढले जाऊन सूज उतरते. परंतु ताज्या जखमेवर तो झोंबतो आणि शस्त्रक्रियेनंतर त्याचा विशेष अधिक लाभ होतो असे निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. म्हणून प्रारंभी समतुल्य विद्रावच वापरतात. तापमान शरीराच्या तापमानाइतके (सु. ३७° से.) असावे. मनगटाच्या आतील बाजूस थेंब टाकून पाहिल्यास ते कळते. मोडांच्या विकारात शोथ कमी करणारे स्टेरॉइड औषध प्रक्षालनाच्या पाण्यातून देतात. पण ते केवळ तज्ञाच्या सूचनेनेच घ्यावे.

कृती : दाबता येणारी सु. २४० मिलि. मापाची मऊ बाटली सर्वांत सोयीची असते. तोटीचा लोटा किंवा सुई काढलेली २० मिलि.ची पिचकारीही चालते. पितळी वा तांब्याच्या लोट्यात मिठाचे पाणी साठवून ठेवू नये. हात साबणाने धुऊन रुग्णाने मोरीवर वा घंगाळावर कंबरेतून पुढे वाकावे, तोंड उघडे ठेवून तोंडानेच श्वास घ्यावा. बाटलीचे टोक नाकपुडीस अलगद लावून ते नाकाच्या मधल्या पडद्याकडे नव्हे, तर त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरील कोपऱ्याच्या दिशेने धरावे आणि बाटली हलक्या हाताने दाबावी. पाणी दुसऱ्या नाकपुडीतून वा तोंडातून बाहेर येते. अर्धी बाटली एका बाजूने व उरलेली दुसऱ्या बाजूने वापरावी. त्या वेळी गिळू वा बोलू नये. गिळल्यास पाणी कानाच्या नळीत शिरून कान दडपल्यासारखे वाटते. शेवटी पुढे वाकून डोके सावकाश दोन्ही बाजूंस कलते करावे म्हणजे कोटरांत उरलेले पाणी निघून जाते. असे न केल्यास ते काही वेळाने अवचित नाकातून वाहते. ते निरुपद्रवी असते.

शस्त्रक्रियेनंतर सु. दोन आठवडे जोराने नाक शिंकरू नये. डोळा व कोटर यांमधील हाड कागदासारखे पातळ असते. दाबाने हवा डोळ्याभोवतालच्या ऊतकांत शिरू शकते. शिंक आल्यास तोंड उघडे ठेवून ती येऊ द्यावी. नाकात बोट घालून खपल्या काढू नयेत.

कालक्रम : नाकात भरलेली पट्टी काढल्यानंतर किंवा पट्टी नसल्यास सामान्यतः २४ ते ४८ तासांत प्रक्षालन सुरू करतात, नेमका दिवस शस्त्रक्रियेच्या स्वरूपावरून तज्ञ ठरवितो. पहिले काही आठवडे दिवसातून दोन ते चार वेळा व पुढे दिवसातून एकदा किंवा दोनदा ते करतात. पहिल्या काही दिवसांत पाण्याबरोबर काळपट गुठळ्या व फिकट तांबूस पाणी येणे अपेक्षित असते. सु. एका आठवड्याने अंतर्दर्शकाखाली नाक साफ करतात. त्या वेळी प्रक्षालन नियमित केले किंवा नाही हे तज्ञाला पाहताक्षणी समजते. प्रक्षालन किमान ६ ते १२ आठवडे चालू ठेवणे इष्ट असते. ॲलर्जी किंवा मोड असलेल्यांना ते याहूनही दीर्घकाळ करावे लागते. बाटली दर वेळी साबण व उकळलेल्या पाण्याने धुऊन, उलटी न ठेवता मोकळ्या हवेत पूर्ण कोरडी करावी व सु. तीन महिन्यांनी बदलावी. एका व्यक्तीची बाटली दुसऱ्याने वापरू नये.

पाण्याची सुरक्षितता : पिण्यास योग्य असलेले पाणी नाकात घेण्यास योग्य असतेच असे नाही. पोटात गेलेल्या अनेक सूक्ष्मजीवांचा जठरातील अम्लाने नाश होतो; नाकात असे संरक्षण नाही. शिवाय नाकाच्या छताशी चाळणीसारखे सच्छिद्र अस्थिपटल असून त्यातून गंध तंत्रिका (वासाच्या संवेदना नेणाऱ्या मज्जा) मेंदूकडे जातात. नेग्लेरिया फॉवलेरी या अमीबाचा मेंदूत शिरण्याचा मार्ग हाच होय. त्यामुळे होणाऱ्या मेंदुशोथाचे वर्णन १९६५ साली ऑस्ट्रेलियातील माल्कम फौलर व आर्. एफ्. कार्टर यांनी केले. हा अमीबा कोमट गोड्या पाण्यात वाढतो आणि सु. ४६° से.पर्यंतचे तापमान सहन करतो. दूषित पाणी प्याल्याने रोग होत नाही. ते नाकात खोलवर गेल्यानेच होतो. हा रोग अत्यंत विरळा असला, तरी त्यात बहुतेक रुग्ण दगावतात. २०११ मध्ये अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात नळाचे पाणी नेतीच्या लोट्याने नाकात घेतलेल्या दोघांचा त्याने मृत्यू झाला. केरळात २०२४ व २०२५ या वर्षांत अमीबाजन्य मेंदुशोथाचे अनेक रुग्ण आढळले, त्यामुळे भारतातही या प्रश्नाकडे लक्ष वेधले गेले.

यावरील उपाय सोपा व बिनखर्चाचा आहे. पाणी खळखळून उकळू लागल्यावर किमान १ मिनिट उकळत ठेवावे व झाकून निवू द्यावे. समुद्रसपाटीपासून सु. २,००० मी.पेक्षा उंच प्रदेशात पाणी कमी तापमानास उकळत असल्याने ३ मिनिटे उकळावे लागते, पण महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मी.) हेही या मर्यादेखाली असल्यामुळे राज्यात कोठेही १ मिनिट पुरते. निवताना पाण्यात हात, ओगराळे किंवा न उकळलेले पाणी पडता कामा नये. पाणी कोमट करण्यासाठी त्यात नळाचे गार पाणी मिसळणे ही नेहमी घडणारी चूक उकळण्याचा सर्व लाभ घालविते. उकळलेले पाणी स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात ठेवून २४ तासांत वापरावे. तुरटीने गाळ बसतो, परंतु जंतू मरत नाहीत. घरगुती शुद्धीकरण यंत्राचे किंवा विकत मिळणाऱ्या जारचे पाणी पिण्यास चांगले असले, तरी ते निर्जंतुक नसते. तेही उकळूनच घ्यावे.

ग्रामीण परिस्थिती : वरील नियम नळाचे पाणी व औषधांचे दुकान हाताशी असलेल्या शहरात पाळणे सोपे आहे, त्यांची खरी कसोटी अवर्षणप्रवण भागात लागते. मराठवाड्यातील धाराशिव (२०२३ पर्यंत उस्मानाबाद) जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातील येरमाळा हे गाव याचे उदाहरण म्हणून घेता येईल. बालाघाटच्या डोंगररांगांतील हे गाव सोलापूर—धुळे महामार्गावर वसले असून येडेश्वरी देवीच्या मंदिरामुळे प्रसिद्ध आहे. अशा गावातील रुग्णास कोटरांच्या शस्त्रक्रियेसाठी सामान्यतः सोलापूर, लातूर, अंबाजोगाई यांसारख्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या ठिकाणी जावे लागते. काही दिवसांतच तो गावी परततो आणि पुढील दोन-तीन महिन्यांची काळजी घरच्यांवर येते.

या भागात उन्हाळ्यात विहिरी आटतात आणि विंधनविहिरीच्या किंवा टँकरच्या साठविलेल्या पाण्यावर भागवावे लागते. सिमेंटच्या हौदात वा पत्र्याच्या टाकीत उन्हाने तापलेले पाणी अनेक सूक्ष्मजीवांच्या वाढीस अनुकूल असते. म्हणून टंचाईच्या दिवसांतच उकळण्याची गरज सर्वांत अधिक असते. पाणी जड असल्यास उकळल्यावर भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. तो धोक्याचा नसतो. वरचे नितळ पाणी तेवढे घ्यावे. प्रक्षालनास एका वेळी सु. पाव लिटर, म्हणजे दिवसभरात १ लि.पेक्षा अधिक पाणी लागत नाही. टंचाईतही ते बाजूला काढता येते. सकाळी चूल वा गॅस पेटवताच दिवसाचे पाणी उकळून, मीठ घालून, झाकून ठेवण्याची सवय ही यातील सर्वांत व्यवहार्य पद्धत होय.

पाण्याइतकाच धुळीचाही विचार करावा लागतो. ज्वारी व तूर यांची मळणी, भुसा भरणे, कच्च्या रस्त्यांवरील धूळ आणि चुलीचा धूर यांमुळे भरत आलेल्या जखमेवर पुन्हा शोथ निर्माण होतो. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले व पुढे राज्यभर पसरलेले गाजर गवत हेही नाकाच्या ॲलर्जीचे एक कारण आहे. चैत्र पौर्णिमेच्या सुमारास भरणाऱ्या येरमाळ्याच्या यात्रेत भाविक चुनखडी वेचतात. या वेळी उन्हाळा, गर्दी व धूळ एकत्र येतात. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या चार ते सहा आठवड्यांत अशी कामे व गर्दी टाळावी. ती टाळणे अशक्य असल्यास नाकातोंडावर स्वच्छ ओलसर कापड बांधावे व घरी आल्यावर प्रक्षालन करावे.

कोव्हिड-१९ साथीतील अनुभव : २०२१ च्या उन्हाळ्यात कोव्हिड-१९ च्या दुसऱ्या लाटेबरोबर महाराष्ट्रात म्यूकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाचे, लोकांच्या बोलीतील ‘काळ्या बुरशी’चे, रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. मधुमेह व स्टेरॉइड औषधांचा वापर ही त्यामागील प्रमुख कारणे होती. ही बुरशी कोटरांतून डोळा, टाळू व मेंदू यांकडे पसरते. म्हणून बुरशीनाशक औषधांबरोबरच मृत ऊतके शस्त्रक्रियेने काढून टाकावी लागतात. एरवी विशेषज्ञांपुरती असलेली कोटरांची शस्त्रक्रिया त्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांतील कुटुंबांच्या परिचयाची झाली. अस्तर व हाड यांचा मोठा भाग काढल्याने मागे राहिलेल्या रुंद पोकळीत खपल्या सतत साचतात. तेथे पक्ष्माभिकांचे कार्य पूर्ण कधीच परत येत नाही. अशा रुग्णांना प्रक्षालन अनेक महिने किंवा कायमचे करावे लागते. मधुमेह ताब्यात ठेवणे व प्रक्षालन न सोडणे या दोन गोष्टींवर त्यांचे पुढील स्वास्थ्य बव्हंशी अवलंबून असते.

मर्यादा व धोके : चिरकारी कोटरशोथात लवणजलाच्या प्रक्षालनाने लक्षणे कमी होतात, याबद्दल तज्ञांत सर्वसाधारण एकमत आहे. शस्त्रक्रियेनंतर त्याचा किती प्रमाणात लाभ होतो याविषयीचे प्रयोग तुलनेने लहान आहेत. तरीही अल्प खर्च व अल्प धोका लक्षात घेऊन बहुतेक तज्ञ ते करण्याची शिफारस करतात. प्रक्षालन हे औषधांना व तपासणीला पर्याय नव्हे. मोड पुन्हा वाढणे, बुरशीचा संसर्ग किंवा ॲलर्जी यांवर केवळ मिठाच्या पाण्याने मात होत नाही. कवटीच्या तळाची दुरुस्ती केलेल्या रुग्णांनी, तसेच सहकार्य करू न शकणाऱ्या लहान मुलांनी तज्ञाच्या स्पष्ट सूचनेशिवाय प्रक्षालन करू नये.

न थांबणारा लाल रक्तस्राव, डोळ्याभोवती सूज, दृष्टी अंधूक होणे वा एकाच्या दोन वस्तू दिसणे, पुढे वाकताच एका नाकपुडीतून पाण्यासारखा पातळ स्राव वारंवार गळणे (मेंदूभोवतालचा द्रव झिरपत असण्याचे हे लक्षण असू शकते), तीव्र डोकेदुखीसह ताप, मान ताठणे किंवा गुंगी यांपैकी काहीही आढळल्यास प्रक्षालन थांबवून त्वरित रुग्णालय गाठावे. किरकोळ झोंबणे, कानात दडे बसल्यासारखे वाटणे व तात्पुरते पाणी गळणे हे त्रास विद्रावाचे प्रमाण, तापमान व डोक्याची स्थिती सुधारल्यास नाहीसे होतात.

अंतर्दर्शक, सूक्ष्म उपकरणे व संगणकीय छायाचित्रण यांमुळे कोटरांची शस्त्रक्रिया फार पुढे गेली आहे. तथापि पक्ष्माभिका पुन्हा हलू लागेपर्यंतच्या काळात त्यांचे काम करणारे साधन अद्यापि उकळून निवविलेले पाणी व चिमूटभर मीठ हेच आहे.